भैरवनाथ कॉलनीच्या पाण्याची चावी

जबाब देणार : सर्जेराव दगडू थिटे, वय ६६ वर्षे, मूळ रा. केंदूर, सध्या रा. भैरवनाथ कॉलनी, कोरेगाव भीमा, ता. शिरूर, जि. पुणे. धंदा विचारता, आधी कंपनीत फिटर, नंतर कॉलनीचे पाणी सोडणे, सध्या काही नाही.

मी पोलीस ठाण्यात आपण होऊन, कोणी न बोलावता, समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. पत्नी सुषमा मयत आहे. मुलगी अपेक्षा दौंडला दिली असून ती फोन करते. मागील आठवड्यात मी याच ठाण्यात लोखंडी चावी चोरीस गेल्याची तक्रार दिली होती. त्याबाबत हा पुढील जबाब देत आहे.

आमची कॉलनी वीस-बावीस घरांची आहे. बोअरचे पाणी टाकीत चढते आणि तेथून जुन्या लोखंडी लाईनने घरोघर जाते. टाकी माझ्या घराला लागून असल्याने कंपनीतून निवृत्त झाल्यापासून पाणी सोडण्याचे काम मीच पाहत होतो. त्याकरिता कंबरेएवढी लांब चावी आहे, ती जमिनीतल्या व्हॉल्व्हवर बसवून फिरवायची. पाणी सोडण्याआधी मी चावीने पाइपावर दोन ठोके देत असे. लोखंडातून आवाज शेवटच्या घरापर्यंत जातो. ठोके ऐकले की बाया हंडे काढत.

माझी पद्धत अशी होती की, पुढच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून आधी शेपटाला पाणी द्यायचे. शेपटाला, म्हणजे लाईनच्या शेवटी, बानूबाई म्हस्कू ठोंबरे, वय अंदाजे सत्तर, मूळ रा. राहू, ता. दौंड, या राहतात. त्याही एकट्याच आहेत. नळाला पाणी आले की त्या दारातून "आलं" अशी हाक देत, मग मी पुढची गल्ली सोडत असे. पुढचे लोक कुरकुरत. पण त्यांनी लाईनीला मोटारी लावलेल्या आहेत, त्यांना आधी सोडले तर शेपटाला नुसती हवा जाते. यावरून मी शिव्याही पुष्कळ खाल्ल्या. त्या मनावर घेतल्या नाहीत, कारण शिव्या द्यायला का होईना, माणूस दारात येत होता.

दिवाळीनंतर चेअरमन विक्रम हरगुडे यांनी टाकीवर मोबाईलवर चालणारे यंत्र बसवले आणि गल्ल्यांचे व्हॉल्व्ह कायमचे उघडे करून टाकले. ते मला म्हणाले, "मामा, लई केलं तुमी. आता आराम करा." मला शाल व नारळ दिला. गरज सरो वैद्य मरो, असे मी तेव्हा म्हणालो नाही, आज म्हणतो. त्यानंतर माझ्याकडे कोणी आले नाही. मीही कोणाकडे गेलो नाही. काम नसताना दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची मला सवय नाही. सकाळी यंत्र आपोआप चालू होते, ते मी ओट्यावर बसून ऐकतो.

चावी टाकीच्या खोलीत भिंतीला टेकवलेली असे. ती दिसेना म्हणून मी तक्रार दिली. ठाणे अंमलदार यांनी किंमत विचारली, ती मला सांगता आली नाही. संशय कोणावर, असे विचारले असता भंगारवाल्यावर सांगितले, ते चुकीचे होते. चावी आता कोणाच्या कामाची नाही, मग पाहिजे कशाला, असेही त्यांनी विचारले. ती हाताशी असली की कॉलनीला अजून माझी गरज आहे असे वाटते, हे त्या वेळी सांगायला मला लाज वाटली.

आज सकाळी लाईट नव्हती, त्यामुळे यंत्र व मोटार गप्प होती; एरवी त्यांच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नाही. मी ओट्यावर बसलो असता पाइपावर दोन ठोके ऐकू आले. थोड्या वेळाने पुन्हा दोन. मी लाईन धरून चालत निघालो. वाटेत एका घरी विचारले असता, "रोजच वाजतंय, हवा आसंल पाइपात," असे सांगण्यात आले.

लाईनच्या शेवटी बानूबाई चावी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती लपवली नाही. यंत्र बसल्यापासून त्यांच्या नळाला धड पाणी नाही, त्या शेजारच्या मळ्यातून कळशीने पाणी आणतात, असे मला दिसून आले. मोबाईलमध्ये मात्र सगळ्यांना पाणी पोचल्याचे येते.

मी त्यांना म्हणालो, "चावी कशाला नेली? तुमाला ती फिरायची न्हाई."

त्या म्हणाल्या, "फिरवाया न्हाई नेली. वाजवाया नेली. म्हणलं, सर्जेराव ऐकत्याल."

"पाणी येत न्हाई म्हणून निरोप धाडायचा मग."

"पाण्याचं चेरमनला सांगितलंय. त्यो म्हंतो, मोबाईलात येतंय." मग त्या म्हणाल्या, "तुमी ठोकायचा, मी आलं म्हणायची. दिवसाचं तेवढंच बोलणं व्हतं माझं. तुमी का येत न्हाई?"

काम राहिले नाही, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "पाण्याचंच काम लागतंय व्हय यायला?"

त्या वेळी मला वाईट वाटले आणि बरेही वाटले. इतके दिवस मी ओट्यावर बसून होतो आणि त्या तिकडे ठोकत होत्या, याचे वाईट वाटले.

त्यानंतर लाईट येऊन यंत्र चालू झाल्यावर मी विक्रम यांना नेऊन तरीही कोरडाच असलेला नळ दाखवला. उद्यापासून यंत्र चालू होण्याआधी पुढची गल्ली मी चावीने बंद करावी आणि शेपटाचे पाणी झाले की सोडावी, असे ठरले. चावी घरी नेऊ का, असे बानूबाईंना विचारले असता त्या नाही म्हणाल्या. ती त्यांच्याच दारामागे आहे. ती घेण्याकरिता मला रोज तिकडे जावे लागेल. त्यास माझी हरकत नाही.

तरी माझी तक्रार निकाली काढावी. माझे कोणाविरुद्ध काही म्हणणे नाही. हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. फक्त आधीच्या तक्रारीत चावी "चोरीस गेली" असे लिहिले आहे, तेथे "बोलावण्याकरिता नेली" असे करून घ्यावे, एवढे सांगून सही करतो.