भर उन्हात बंद पडणारं सोलर

अकोल्याच्या वीज कार्यालयातल्या तक्रार-खिडकीपुढे निवृत्त शिक्षक कमलाकांत उभे होते. पुढचं जोडपं खिडकी सोडीना, तेव्हा त्यांनी कान टवकारले. वेळ तर घालवायचाच होता.

"साहेब, छपरावर सोलर हाय. ऊन तापलं का बंद पडते."

"किती वाजता?"

"बारा ते तीन. कमाईचाच टाइम!"

"तेव्हा घरात काय चालू असतं, खुशालराव?"

"काहीच नाही. कूलरबी बंद ठेवतो. सारी वीज लाइनले विकली गेली पायजे ना!"

"पंचेचाळीस डिग्रीत मी पदरानं वारा घेऊन राहिली, साहेब."

"तू थांब, रुख्मिणी."

"गल्लीत सोलर किती?"

"नऊ. साऱ्यायले कूलर बंद ठेवाले मीच सांगतलं."

"अहो, मग ती वीज वापरणार कोण? वापर नाही म्हणून गल्लीतल्या लाइनचं व्होल्टेज चढतं, अन् तुमचं सोलरचं इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतं. दुपारी सगळ्यांनी कूलर लावा, सोलर चालेल."

"कूलर लावून? काहीबी सांगता!"

"साहेब, हे कागदावर लिहून द्या," रुख्मिणी म्हणाली. "शिक्का मारून. अन् प्रती नऊ पायजेत."