झार झाला बनियानचा

...आणि तुम्हाला सांगतो, आजारी मी, गोळ्या मला, आणि बरं व्हायला नेली काय, तर बहगत भावोजींची बनियान. हसू नका. मीही नाही हसलो, पण मला कित्येक महिने हसूच आलेलं नाही, तोच तर आजार आहे, डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात, आईनं शुब्र्यात, म्हणजे आमच्या सगळ्या मोहल्ल्यात, कावीळ म्हणून सांगितलंय, त्यामुळे शेजारी मध पाठवतात, आणि तो आमच्याकडेच राहणारे बहगत भावोजी खातात.

डॉक्टर इनास भली बाई. म्हणाल्या, "वगदी, एकट्या गोळीनं भागणार नाही. गोळी, इथं येऊन बोलणं, आणि सकाळचं ऊन. सगळं एकत्र चालू ठेवायचं." आता कैरोत उन्हाला तोटा नाही, पण आमच्या घरात ते एकाच खोलीत येतं. माझ्या. म्हणजे तेव्हा माझ्या. आणि खरं सांगू, बरं वाटायला लागलं होतं हो... एकदा तर मी दाढी केली.

तर हे 'एकत्र' आईच्या कानावर गेलं. "एकत्रच करायचंय ना? मग झार का नको?" आता झार म्हणजे बायकांचा कारभार, डफ, ऊद, घुमणं, आणि भुताला हाकलायचं नाही, तर काय हवंय ते विचारून खूश करायचं. पुरुषानं जायलाच हवं असं नाही, अंगावरचा कपडा नेला तरी भागतं. आईनं मळक्या कपड्यांच्या टोपलीतून बनियान उचलली आणि गेली. माझी कशी असेल? मी बनियान बदलतच नव्हतो, तोही आजारच.

झारवाल्या बाईनं बनियान हुंगली आणि म्हणे रडायलाच लागली. "काय सोसलंय गं या माणसानं..." कोणी? बहगत भावोजींनी? जे दुपारी उठतात? मग तिच्या तोंडून भूत बोललं. रोज तळलेली कलेजी हवी, बायकोनं उलट बोलायचं नाही, आणि खोली हवी सकाळच्या उन्हाची. आई सगळ्याला हो म्हणून आली.

घरी नगवाताईनं, म्हणजे भावोजींच्या बायकोनं, बनियान ओळखली. "आई, ही यांची. काखेत मीच टाका घातलाय."

आईनं टाका निरखून पाहिला. मग म्हणते, "भुताला शब्द दिलाय. आता फिरवला तर चिडेल."

"आणि माझं ऊन?"

"तुला तसंही काही आवडत नाही, वगदी. तुला ऊन काय नि अंधार काय."

झालं. माझी गादी आतल्या खोलीत, जिथल्या खिडकीतून फक्त शेजारणीचा कांदा येतो. आणि भावोजी माझ्या पलंगावर, तोंडात कलेजी, मला म्हणतात, "तुला कल्पना नाही रे, आतून किती पोखरलोय मी. तुला गोळ्या तरी आहेत. मी नुसता लढतोय." आणि ताई माझ्यावरच डोळे वटारते, "त्यांच्याशी नीट बोल. त्यांना बरं नाही."

वर त्या भुताला रोज सकाळी डफ लागतो. डफवाल्या बाया रोज कुठून येणार? आई म्हणाली, "वगदी वाजवेल. पडलेलाच असतो." तर मी रोज सकाळी उठतो, माझ्याच खोलीत, माझ्याच उन्हात पाहुण्यासारखा बसतो आणि झोपलेल्या भावोजींसाठी डफ वाजवतो.

शेवटी सगळं डॉक्टर इनासना सांगितलं. म्हटलं, आता या चिडतील, आईला बोलावतील, माझी खोली परत मिळेल. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे रोज सकाळी स्वतःहून उठता?"

"हो."

"उन्हात बसता?"

"बसतो, पण..."

"छान. सगळं एकत्र चालू ठेवायचं."

चला, निघतो. डफाला उशीर झाला की भावोजींना उदास वाटतं.