तिसरी पट्टी

आदरणीय अध्यक्ष यज्ञेश्वरजी, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या ईसीजी तंत्रज्ञ हेमांगीताई, दवाखान्यातले सहकारी आणि श्रीवर्धनकर बंधुभगिनींनो,

निरोपाच्या भाषणात गुणगान करायचं असतं. ते भार्गवी सिस्टरांनी माझ्याहून चांगलं केलं आहे. मला वेगळंच बोलायचं आहे, आणि अध्यक्ष महाराज, दोन मिनिटं जास्त लागतील.

हृदयाच्या वरच्या कोपऱ्यात काही हजार पेशी असतात. ठोका त्या सुरू करतात. प्रत्येकीची चाल निराळी, कुणी घाईची, कुणी संथ. पण त्या शेजारणीशी विजेने जोडलेल्या असतात, म्हणून एकमेकींना सांभाळून घेत एका ठेक्यावर येतात. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना सगळ्यांचे हात एकदम पडतात ना, तसं. वयाने ही जोडणी सैल झाली की ठेका विस्कटतो, कधी ठोकाच चुकतो. हे मी दरवर्षी नर्सच्या वर्गात शिकवतो. मग सहा वर्षांपूर्वी मला ते का आठवू नये?

जीवना बंदरावरच्या सोनाबाई तपासून घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "मधीच अंधारी येते, मग काय न्हाय." हेमांगीताईंनी ईसीजीची पट्टी काढली. मध्ये मोठी मोकळी जागा. मी म्हटलं, वायर सैल आहे. मासळीच्या वाळवणावर काम करणारी बाई, अंगावर मीठ, तेल, चिकटत नाही. स्पिरिटने पुसा, पुन्हा काढा. दुसऱ्या पट्टीतही तेच. ताई म्हणाल्या, "सर, वायर घट्ट आहे. ठोकाच गेलाय." मी म्हटलं, "पुन्हा काढा." तिसरी स्वच्छ आली. ती फाइलला लावली, पहिल्या दोन टोपलीत टाकल्या. बाहेर रांग होती, मला घाई होती. हे कारण नव्हे, नुसतं सांगतो आहे.

नवव्या दिवशी सोनाबाई माशांची पाटी डोक्यावर घेऊन जेटीवर कोसळल्या. खुबा मोडला. मुंबईला पेसमेकर बसला, जीव वाचला, पण बाजारात बसणं कायमचं सुटलं. त्यांची लेक रचना माझ्यासमोर उभी राहिली: "डाक्टर, तुमच्या तपासणीत कसं न्हाय कळलं?"

मी म्हटलं, "पट्टी नीट काढली गेली नसावी."

कुणी काढली, ते बोललो नाही. गरजच नव्हती, पट्ट्या काढणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्या मागेच उभं होतं. ताईंनी मान खाली घातली. त्या दिवसापासून बंदरावरच्या बायका म्हणू लागल्या, हेमांगीकडून नको, दुसरं कुणी असेल तर काढू. सहा वर्षं ताईंनी ते ऐकलं. मीही ऐकलं, आणि गप्प बसलो. मला लाज वाटते.

ताई, तुमचं बरोबर होतं. दोन्ही वेळा.

सोनाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. रचना, मीच बोलावलं होतं तुम्हाला. कशासाठी ते सांगायचा धीर तेव्हा झाला नाही. बोल लावायचा तो मला लावा.

आयोजकांचे आभार, सर्वांनी शांतपणे ऐकलंत त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका. आता ताईंची ओटी भरायची आहे. यादीत माझ्या पत्नीचं नाव आहे. ते खोडून, सोनाबाई, ती तुम्ही भरावी अशी विनंती आहे. तुम्हाला व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लावणार नाही. ताईच खाली येतील.