शेवटच्या माणसाच्या मागे कोण?

शिट्टी खुंटीवरच होती. आता तुम्ही म्हणाल, शिट्टीचं काय एवढं... पण तुम्हाला सांगते, गुरुवारी, बाबा गटाबरोबर डोंगरात गेलेले असताना, अकराच्या सुमारास ती शिट्टी दिसली आणि माझ्या हातातला निम्मा चहा बशीत आला, कारण माझे बाबा, क्लिफर्ड, म्हणजे निवृत्तांच्या मंडळातल्या डोंगरवाटा-गटाचे शेवटचे गडी. त्या मंडळात मास्तर कुणीच नाही, ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचं, कुणी लॅटिन, कुणी गिटार, आणि बाबा चाळीस वर्षं यॉर्कशरमध्ये टपाल वाटत हिंडलेले, त्यांना येतं चालता. म्हणून त्यांनी सगळ्यांच्या मागून चालायचं, कुणी चुकलं तर शिट्टी मारायची. पण शेवटच्या माणसाच्या मागे कोण असतं, सांगा ना?

त्यात मार्चमध्ये बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आणि बाहेर धुकं असं, की कुरणातली मेंढरं नुसती ऐकू येतायत. बाबांना फोन लावला... वाजतोय, उचलत नाहीत. मग गटाच्या पुढे चालणाऱ्या ग्वेनडा आँटींना लावला. निवृत्त मुख्याध्यापिका त्या, आवाज अजून प्रार्थनेच्या रांगेतला. "आम्ही चहाला थांबलोय, पोरी. क्लिफर्ड मागे आहे." म्हटलं, दिसतायत का? "दिसेल कसा? शेवटचा माणूस शेवटीच येणार. आधी आला तर चुकलं म्हणायचं." म्हटलं, आँटी, जरा मागे जाऊन बघता का? तर तिकडून गटातले नॉर्मन अंकल तोंडात केक ठेवून म्हणतात, "अगं, तू लहानपणापासून अशीच, टोस्टरमधून टोस्ट उडाला तरी दचकायचीस. कुणी हरवलेलं नाही. हरवलं असतं तर शिट्टी वाजली असती ना."

शिट्टी. जी माझ्यासमोर खुंटीवर होती!

मग काय, कोट उलटा घातला, दाराबाहेर आले, परत आत गेले, पुन्हा फोन, चौथ्यांदा, सातव्यांदा, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर ते ओल्या दगडावर आडवे, आणि त्यांच्या पुढे अकरा माणसं निवांत चहा पितायत, कारण शेवटच्या माणसाच्या मागे कोण असतं... कुणीसुद्धा नसतं हो. नवव्यांदा लावला तो घाईत दातांच्या डॉक्टरांनाच लागला. दहाव्यांदा... उचलला.

"बाबा?"

"हळू बोल," बाबा कुजबुजले. "वाटेत आपल्या मंडळाचा पक्षी बघणारा गट भेटला, त्यांच्यात आलोय. इथे मला पुढे उभं राहू देतात."