रुंद कानाचा कप

मी, वय ४६ वर्षे, काम चष्म्याच्या दुकानात, राहणार पाण्याच्या टाकीसमोर, दुसरा मजला (नाव वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे), पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासूबाई असे राहतो. सासूबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त आहेत. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हाताची बोटे मिटत नाहीत, डावा हात थरथरतो. त्यांच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधला एक जाड पांढरा कप आमच्या घरी होता. त्याचा कान इतका रुंद की चारही बोटे आत सरकतात आणि मूठ न वळता कप उचलता येतो. सासूबाई त्यातून कोणाच्या मदतीशिवाय पाणी पीत. तो कप कॅन्टीनमधून घरी कसा आला, याबाबत मला माहिती नाही.

सदर कप भांडी घासताना पतींच्या हातून फुटला. तेव्हापासून सासूबाई पुरेसे पाणी पीत नाहीत. मी पेला ओठांना लावला तर तोंड फिरवतात. "मी काय कुंडीतलं झाड आहे, तू येऊन पाणी घालायला?" असे म्हणतात. दोन कानांचा प्लास्टिकचा कप आणला, त्यावर ससा होता. "आता दुपटंही आण," म्हणाल्या. नळी आणली, ती त्यांनी विणकामाच्या पिशवीत टाकली. पाणी कमी पडले तर दवाखान्यात ठेवावे लागेल असे डॉक्टरांनी बजावले. डॉक्टरांसमोर त्या "हो, हो" म्हणाल्या. पाणी प्यायल्या नाहीत.

तसे कप आता बनत नाहीत. इंटरनेटवरच्या लिलावात "जुनं ते सोनं" नावाच्या विक्रेत्याकडे ते दिसले. मी बोली लावून एक कप मिळवला. तो घरी आला तेव्हा तुकडे आले. विक्रेता म्हणाला, कुरिअरने फोडला. कुरिअरवाले म्हणाले, बांधणी कच्ची. वेबसाइटने कळवले, खोके उघडण्यापूर्वी काढलेला फुटक्या वस्तूचा फोटो पाठवा. बंद खोक्यातल्या कपाचा फोटो कसा काढायचा असे मी विचारले. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असे उत्तर आले.

विक्रेत्याकडे अखेरचे दोन कप उरले होते. तेही मी बोली लावून घेतले. फोन करून सांगितले की, कप एकात एक घालू नका, कानात कागद कोंबा, खोक्यात मोकळी जागा सोडू नका. विक्रेता म्हणाला, "ताई, अगदी पोटच्या पोरीसारखे पाठवतो." मी म्हणाले, "पोरीसारखे नको. कपासारखे पाठवा."

घरपोच आणणारा माणूस खोके जिन्यातच टाकून जातो, म्हणून आज दुकान सुटल्यावर मी स्वतः कुरिअरच्या डेपोत गेले. खोक्यावर चारही बाजूंनी लाल अक्षरात "काच, जपून" असे लिहिले होते. तेथे एकटेच असलेल्या डेपोवाल्यांनी ते ढिगातून उचलले व लांबूनच काउंटरवर फेकले. आतून आवाज आला. मी विचारले, "तुम्हाला वाचता येत नाही का?" ते म्हणाले, "मॅडम, वाचत बसलो तर दिवसाला दहाच खोकी होतील." मी म्हणाले, माझ्यासमोर उघडा. ते म्हणाले, आधी "माल सुस्थितीत मिळाला" याखाली सही, मग काय ते उघडा. मी सही करून पुढे "आतून आवाज आला" असे लिहिले. त्यांनी कागद फाडला.

मी खोके मांडीवर घेऊन त्यांच्या वजनकाट्यावर बसले व उठणार नाही असे सांगितले. काट्यावर आकडा दिसत होता, तो जबाबात घेऊ नये. त्यांनी शटर अर्धे खाली ओढले. मी उठले नाही. ते म्हणाले, "कपच आहे ना? बाजारात ढिगाने मिळतात." यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. डेपोवाल्यांना आठवते. नंतर त्यांनीच पोलिसांना बोलावले व आम्ही दोघे खोक्यासह ठाण्यात आलो.

ठाण्यात हवालदारांसमोर खोके उघडले. एका कपाचा कान तुटून वेगळा झाला होता. दुसरा धड होता. मी तो दिव्यासमोर धरून फिरवून पाहिला, नखाने वाजवून पाहिला. तडा नाही. तो आत्ताच घरी न्यायचा आहे असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, तक्रार घेतली तर दोन्ही कप मुद्देमाल म्हणून सील होतील, कोर्टाने सांगितले की परत मिळतील. कधी मिळतील, असे विचारल्यावर त्यांनी मागच्या खोलीचे दार उघडून एक सायकल दाखवली. "हिच्या मालकाला आता नातू झालाय," म्हणाले. फक्त फोटो काढून कप सोडता येणार नाही का, असे मी विचारले. ते म्हणाले, "बाई, 'फेकले' असं तुम्हीच लिहायला लावलंत. फेकलं म्हटल्यावर वस्तू ठेवून घ्यावी लागते."

याच वेळी पतींचा फोन आला. सासूबाईंनी सकाळपासून पाणी घेतलेले नाही. मागून सासूबाई म्हणाल्या, "फुटला असेल तर तसं सांग म्हणावं. लपवत बसू नको." त्यांची जीभ टाळ्याला चिकटत होती. मी फुटला नाही असे सांगितले.

आता मी विचार करून सांगते की, माझी विक्रेता, वेबसाइट, कुरिअर कंपनी व डेपोवाले यांपैकी कोणाविरुद्धही तक्रार नाही. वर जेथे "फेकले" असे लिहिले आहे, तेथे "ठेवले" असे वाचावे. हे ऐकून डेपोवाले "बघा, मी मघापासून काय सांगतोय!" असे म्हणाले. तेही लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

कान तुटलेला कप कोणी ठेवून घेतल्यास माझी हरकत नाही. धड कप माझ्या ताब्यात मिळाला. हवालदारांनी तो कागदात गुंडाळून, पिशवीत घालून देतो म्हटले. मी नको म्हणाले.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दुरुस्तीसह तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. सही डाव्या हाताने केल्याने वाकडी आली आहे. उजव्या हातात कप आहे व तो मी घरी पोचेपर्यंत खाली ठेवणार नाही.