चौथ्या गाण्यातलं सॉरी

…आणि वर मलाच विचारतात, "वेंडेल, अंगठा कसा आहे?" पन्नास वर्षं! अहो, तुम्हाला सांगतो, माणसाचं हृदय कापून शिवलं तरी लोक सहा महिन्यांत चौकशी थांबवतात, इथे माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याची विचारपूस अख्खा मॅनिटोबा प्रांत करतोय! पोस्टात गेलो, अंगठा. केस कापायला बसलो, अंगठा. मागच्या जानेवारीत आयरीनच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, मावशीच्या अंत्यविधीला गेलो, तर पाद्रीबुवांनी माझे दोन्ही हात हातात घेतले… मावशी तिथे समोर पेटीत… आणि हळूच म्हणतात, "ते एकदा म्हणून दाखवाल का?" आता यावर काय बोलायचं? म्हणून मी ठरवलं. या वेळी मी सॉरी म्हणणार नाही! नाही म्हणजे नाही!

तुम्ही 'उणे एकतीस' ऐकलेला नाही? खरंच? मग तुम्ही सुखी आहात, या, बसा माझ्याशेजारी. लॉर्न मॅकअस्किलचा पहिला अल्बम हो. लॉर्न गाणार, लॉर्न लिहिणार, गिटार लॉर्नची, कव्हरवर दाढी लॉर्नची, आणि मागे आम्ही तिघं. बास, म्हणजे ती जाड तारांची गिटार, तो माझा. देशातल्या थोर अल्बमांच्या याद्या निघतात ना दर दोन वर्षांनी, त्यात आम्ही हमखास असतो, कधी चाळिसावे, कधी त्रेचाळिसावे, आणि प्रत्येक यादीत आमच्या नावापुढे काय लिहितात? लॉर्नच्या आवाजाबद्दल? एक ओळ. गाण्यांबद्दल? अर्धी. आणि मग, "चौथ्या गाण्यातलं ते अजरामर सॉरी!" एका शहाण्याने तर लिहिलं, एका शब्दात अख्ख्या देशाचा स्वभाव उतरलाय. अरे, स्वभाव कसला उतरलाय? नख उतरलं होतं माझं, नख!

झालं असं. रेकॉर्डिंग आमच्या गावच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, हॉलमध्ये. लॉर्नचा हट्ट. म्हणे शहरातल्या स्टुडिओत आवाज मरतो, बर्फावर आवाज जगतो. ठीक आहे, जगू दे. फेब्रुवारी, रविवारची दुपार, बाहेर उणे एकतीस, आत उणे चार, बर्फाच्या कडेला फळ्या टाकून आम्ही चौघं उभे. फळ्यांवर बूट वाजतात म्हणून लॉर्नने मला बूट काढायला लावले. मलाच का? तर म्हणे, "वेंडेल, तू पायाने ठेका धरतोस." म्हणजे मी मोज्यांवर! चौथं गाणं, 'कोठारामागचा रस्ता', आणि त्यात मधोमध एक जागा आहे, तिथे लॉर्न थांबतो, ड्रम थांबतो, सगळं थांबतं आणि फक्त माझा बास… पाच सूर. फक्त पाच! अहो, त्या पाच सुरांसाठी मी तीन आठवडे आयरीनची झोप उडवली होती. आणि नेमकी ती जागा आली, आणि दार उघडून आत आला ऑरेस्ट हुलचुक.

ऑरेस्ट म्हणजे हॉलचा बर्फवाला. पाठीवर गरम पाण्याची टाकी, हातात झारी. बर्फावर थेंब शिंपडावे लागतात, नाहीतर खेळाचे दगड सरकत नाहीत, संध्याकाळी सामना होता, सगळं मान्य! पण दोन मिनिटं थांबशील की नाही? नाही. "बर्फ काय तुमच्या गाण्यासाठी थांबतो का?" हे त्याचं ठरलेलं उत्तर, आजही तेच देतो. तर आला, फळीवर चढला, आणि तो तेरा नंबरचा बूट, पाण्याच्या टाकीसकट सव्वाशे किलोचा ऑरेस्ट आत घातलेला, आला तो थेट माझ्या अंगठ्यावर!

आता नीट ऐका. पाय माझा. बूट त्याचा. आणि सॉरी कोण म्हणालं? मी! आमच्याकडे हे रक्तातच आहे हो, थांबवता येत नाही, मी फ्रीजवर आपटलो तरी फ्रीजची माफी मागतो. तोंडातून निघून गेलं, "सॉरी!" आणि वर तो पत्र्याचा हॉल, आवाज घुमला, सॉरी… ऑरी… री… आणि माझे पाच सूर त्याच्याखाली बुडाले. आयुष्यात वाजवलेले सगळ्यात सुंदर पाच सूर! मी म्हटलं, "लॉर्न, पुन्हा घेऊ." लॉर्न माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "नको. राहू दे. छान झालंय." आणि ऑरेस्ट? शिंपडून झालं, गेला निघून. त्यानंतर पन्नास वर्षं त्याला म्हणतोय, अरे, निदान तू एकदा सॉरी म्हण! तर म्हणतो, "पाय तुझा मध्ये होता."

दोन वर्षांपूर्वी लॉर्न गेला. ड्रमवाला आणि पियानोवाला आधीच गेलेले. चौघांत मी उरलो. आणि या वसंतात विनिपेगहून पत्र आलं. पन्नास वर्षांनिमित्त अल्बम नव्याने, साफसूफ करून काढायचाय, आणि लॉर्न लिहून ठेवून गेलाय की चौथ्या गाण्याचं काय करायचं ते वेंडेलला विचारा, तो म्हणेल तसं करा. मी पत्र तीनदा वाचलं. टेबलावर हात आपटला, "आयरीन, काढून टाकणार! सॉरी काढणार, माझे पाच सूर जगाला ऐकवणार!" आयरीन म्हणाली, "लोक चिडतील." चिडू देत! या वेळी मी सॉरी म्हणणार नाही!

गावात बातमी फुटली. कॉफीच्या दुकानात मला पाहून लोक कपात बघायला लागले. नगराध्यक्ष बाई घरी आल्या, सोबत स्वतः केलेली बटर टार्ट, आणि म्हणे, "वेंडेल, हायवेवरच्या पाटीचं काय करू?" कारण आमच्या गावाबाहेर पडताना वीस फुटी पाटी आहे, "सॉरी, आमचं गाव मागे राहिलं!" फोटो काढायला क्विबेकहून लोक येतात. मी म्हटलं, बाई, पाटी उपटा. टार्ट ठेवून घेतली.

जायच्या दिवशी माझी गाडी सुरू होईना. आणि गावात त्या वेळी विनिपेगला निघालेला एकच माणूस. कोण? तुम्ही ओळखलंत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, गुडघे तपासायला चाललेला, तेच तेरा नंबरचे बूट! दोन तास मी आणि ऑरेस्ट हुलचुक, एका ट्रकमध्ये. तो म्हणाला, "माझ्या बुटाशिवाय तुमचा अल्बम कुणी ऐकला नसता." मी खिडकीबाहेर बघितलं. तो म्हणाला, "पाय तुझा—" मी म्हटलं, "ऑरेस्ट, रस्त्याकडे बघ!"

स्टुडिओत मिरेय नावाची पोरगी, तिशीची असेल, हसरी, पण मी सॉरी काढायला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "मिस्टर पेनर, नक्की? माझी आई हे गाणं लावून मला झोपवायची." मी म्हटलं, नक्की. "एकदा विचार करा ना." केलाय, पन्नास वर्षं केलाय! आता म्हणे यंत्र असं आलंय की माणसाचा आवाज तेवढा अलगद उचलता येतो, घुमलेला धरून, आणि खालचं जसंच्या तसं राहतं. मी खुर्चीत ताठ बसलो. ऑरेस्ट, डॉक्टरकडे जायला अजून वेळ होता म्हणून आत आलेला, मागे भिंतीला टेकून उभा. म्हटलं ऐक लेका, तू काय बुडवलंस ते ऐक आता.

गाणं सुरू झालं. लॉर्न गातोय… ती जागा आली. लॉर्न थांबला. ड्रम थांबला. आणि…

काही नाही.

मी म्हटलं, "मिरेय, माझा बासही उचललास की काय?" ती म्हणाली, "नाही हो, बासचा माइक वेगळा होता, हा बघा." तिने तो एकटा लावला. काही नाही! पाच सूर सोडा, अर्धा नाही. चार सेकंद ऑरेस्टचे बूट बर्फावरून लांब चाललेले, चर्र, चर्र… आणि एक श्वास. लॉर्नचा. त्याला पुढची ओळ उचलायची होती, त्याने उचलली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं असणार, मी एका पायावर वाकलेला, बासवर हातच नाही, आणि तो थांबला. मी सरळ उभा राहीपर्यंत थांबला. मग हलकेच गिटारवर सुरुवात केली, जणू असंच ठरलं होतं. टीकाकार ज्याला माळरानाची शांतता म्हणतात ना, ती ही!

मी वाजवलेच नव्हते हो. पन्नास वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मैफिलीनंतर मी लॉर्नला म्हणायचो, "ते माझे पाच सूर, लॉर्न…" आणि तो शहाणा माणूस दरवेळी मान डोलवून म्हणायचा, "सर्वांत सुंदर, वेंडेल." त्याला माहीत होतं! माझ्या त्या एका शब्दाने भोक झाकलं गेलं होतं, म्हणून राहू दिलं त्याने, आणि ते उघडं करायचं की नाही हे माझं मलाच ठरवता यावं, म्हणून मला विचारायला सांगून गेला. मी रडलो. एकाहत्तराव्या वर्षी, परक्या पोरीसमोर, हुंदके देऊन.

मिरेयने हळूच विचारलं, "परत ठेवू?" मी मान हलवली. ठेव बाई. होतं तिथेच ठेव.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. ऑरेस्टचा. म्हणाला, "मला वाटायचं तू वाजवलं होतंस. म्हणजे माझ्या बुटाने खरंच ते सूर… वेंडेल… सॉरी."

तुम्हाला सांगतो, या एका शब्दासाठी मी पन्नास वर्षं थांबलो होतो! दाढी करताना आरशासमोर उत्तरं पाठ केली होती, एक उपरोधाचं, एक मोठ्या मनाचं, एक नुसतंच भुवई उंचावून. सगळी तयार. मी खुर्चीतून उठलो, ताठ उभा राहिलो, त्याच्या डोळ्यांत बघितलं, तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून काय बाहेर पडलं?

"छे रे ऑरेस्ट, सॉरी… पाय माझाच मध्ये होता."

विचारा. विचारा आता, अंगठा कसा आहे.