डाव्या स्कीचा हात

आन्ते : नाही म्हणू नकोस, वहिनी. माझ्या गाडीच्या डाव्या स्कीचा हात, तो लोखंडी दांडा, तेवढा दे. दगडावर आपटली स्कूटर, काडकन मोडला.

रावना : नवा मागव की.

आन्ते : वीस वर्षांच्या जुन्या स्नोस्कूटरचा नवा पार्ट कोण बनवतंय? आल्टा शहरापर्यंत फोन केले. जो तो म्हणतो, भंगारवाल्या रावनाकडं जा.

रावना : म्हणून आलास. चुलतभाऊ गेला, त्याची बायको जगतेय का मेली हे बघायला दोन वर्षांत फिरकला नाहीस. स्की मोडल्यावर बरी वहिनी आठवली!

आन्ते : टोमणे नंतर मार गं. गाभण रेनडिअर कालच किनाऱ्याच्या वाटेला लागल्यात. मागं माझी लेक सुन्ना एकटी, तीही पायात लाकडी स्की बांधून. बाकी सगळे आपापले कळप घेऊन पुढं गेले. आज गाठलं नाही तर आमचा कळप दुसऱ्यांच्यात घुसेल, वाटेतच विखरेल. पिल्लंसुद्धा हाती लागायची नाहीत.

रावना : तुझ्या मॉडेलची एकच गाडी आहे माझ्या आवारात. कुणाची ते तुला ठाऊक आहे.

आन्ते : दुसरी नाहीच?

रावना : नाही. माझ्या नीलासची आहे. दोघांनी एकाच दिवशी घेतल्या होत्या तुम्ही. तळ्यातून ओढून काढली, मी पुसली, वाळवली, तेल पाजलं. किती गिऱ्हाइकं आली, एक स्क्रू दिला नाही कुणाला.

आन्ते : मग मला कशी देशील?

रावना : आधी त्या सकाळचं सांग. तळ्यावर पुढं तू होतास.

आन्ते : शंभरदा सांगितलंय. बर्फ पातळ लागला, मी पार झालो आणि काठावर धोक्याची, फांद्यांची फुली रोवली. मागून येणाऱ्यासाठी आपण सगळेच रोवतो. वाऱ्यानं उडवली त्याला मी काय करू?

रावना : फांदी उडाली तरी बर्फात भोक राहतं, आन्ते. नीलासला पुरायच्या आधी मी दोन्ही काठ गुडघ्यांवर रांगत पाहिलेत. एक भोक नव्हतं रे!

आन्ते : मग तेव्हाच का नाही बोललीस?

रावना : कोण ऐकणार होतं? तू सगळ्यांत मानाचा. पुरून आल्यावर कॉफी पिता पिता तूच म्हणालास, नीलास प्यायलेला असेल, फुली दिसली नसेल. त्याच्या आईसमोर म्हणालास! म्हातारी तेच मनात घेऊन गेली. तुझं काहीतरी मोडावं आणि तू माझ्या दारात यावंस, याची वाट बघत दोन हिवाळे काढलेत मी. आता बोल, नाहीतर चालता हो.

आन्ते : नाही रोवली. बस्स? नाही रोवली फुली.

रावना : का?

आन्ते : गाडीच्या पट्ट्याखाली पाणी उसळलं, कसाबसा पलीकडं पोचलो. झाडं सगळी अलीकडच्या काठाला. फांद्या तोडून तिथं रोवायला तळ्याला वळसा घालायचा म्हणजे तास गेला असता. म्हटलं, नीलास तळं टाळून वरच्या वाटेनं येईल.

रावना : आणि प्यायल्याचं?

आन्ते : सगळे माझ्याकडंच बघत होते गं. तोंडातून निघून गेलं. मग मागं घेता येईना.

रावना : हं. शेडच्या मागं निळी गाडी आहे. तेरा नंबरचा पाना घे आणि तूच खोल.

आन्ते : उपकार झाले, वहिनी. देव तुझं भलं करो.

रावना : माझं राहू दे. लाग कामाला.

(रावना पायरीवर बसून बघत राहिली. बोल्ट आतून गंजून चिकटले होते, तासभर गेला. आन्तेच्या बोटांची सालं निघाली तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.)

आन्ते : निघाला! बघ, जरासुद्धा वाकलेला नाही. किती क्रोनर देऊ?

रावना : काही नको. परत बसव.

आन्ते : काय?

रावना : होता तिथं परत बसव. चारही बोल्ट. घट्ट.

आन्ते : अगं, खरं सांगितलं ना मी!

रावना : सांगितलंस. आणि मी खोल म्हणाले होते, ने म्हणाले नव्हते.

आन्ते : सुन्ना तिकडं एकटी आहे! तिनं तुझं काय वाकडं केलंय?

रावना : काही नाही. मीही कुणाचं केलं नव्हतं. तीन दिवस काठावर उभी होते, गळ टाकून गाडी वर काढेपर्यंत.

आन्ते : आणि घेऊनच गेलो तर? तू काय अडवणार आहेस मला?

रावना : नाही अडवत. ने. वाटेत जो भेटेल त्याला सांग, तुझ्या काळ्या गाडीला हा निळा हात कुणाचा, आणि तो कसा बुडाला ते. सांगशील?

आन्ते : वहिनी...

रावना : सांगशील?

आन्ते : पाना दे.

रावना : तुझ्या हातातच आहे, आन्ते.